कलावंताचे मन आणि ऐकणारा कान

इ. स. २००९ साली न्यूयॉर्क शहरातील एका नभोवाणी कंपनीच्या इमारतीत रात्री कामकाज संपल्यावर दोनचार माणसे हळूच शिरत असत. ती चोर नव्हती. परंतु त्यांचे येणे रीतसर होते असेही म्हणवत नाही. त्यांतला एक होता मार्क मॅरन. एकट्याने मायक्रोफोनसमोर उभे राहून लोकांना हसवणे हा त्याचा धंदा. वय पंचेचाळिशीचे, संसार मोडलेला, आणि ‘एअर अमेरिका’ या कंपनीने त्याचा कार्यक्रम नुकताच बंद करून टाकलेला. नोकरी गेली होती. मात्र इमारतीचे दार उघडण्याची कार्डे त्याच्याकडून आणि त्याचा निर्माता ब्रेंडन मॅक्डोनल्ड याच्याकडून परत घ्यावयाचे कोणालाच सुचले नव्हते. त्या विसराळूपणाच्या आश्रयाने, जो स्टुडिओ आता त्यांचा राहिला नव्हता त्यातच, त्यांनी आपल्या पहिल्या गप्पा ध्वनिमुद्रित केल्या. १ सप्टेंबर २००९ रोजी त्यांचा पहिला भाग लोकांपुढे आला. पुढे हा सारा व्याप लॉस एंजेलिस येथील मॅरनच्या घराच्या गॅरेजमध्ये हलला आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, अखंड चालला. या गॅरेजात २०१५ साली अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा येऊन बसून गेले.

अशा कार्यक्रमाला ‘पॉडकास्ट’ म्हणतात. पॉडकास्ट हा नभोवाणीचा धाकटा भाऊ होय. चेहरेपट्टी सारखी, स्वभाव मात्र निराळा. नभोवाणीवरील भाषण ठरल्या घटकेला येते आणि ऐकले नाही तर निघून जाते. पॉडकास्टचा प्रत्येक भाग ध्वनिमुद्रित होऊन इंटरनेटवर ठेवलेला असतो. ज्याने त्या मालिकेकडे एकदा आपले नाव लावले, त्याच्या भ्रमणध्वनीवर नवा भाग आपोआप येऊन पडतो. मग तो पहाटे ऐकावा, लोकलच्या गर्दीत ऐकावा, की मध्यरात्री झोप येत नाही म्हणून ऐकावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ध्वनिफीत अशी घरपोच पाठवण्याची युक्ती २००१ च्या सुमारास निघाली. तिला नाव मिळाले ते फेब्रुवारी २००४ मध्ये. बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने ‘गार्डियन’ पत्रातील लेखात दोनतीन शब्द सुचवले, त्यांतला एक ‘आयपॉड’ या खिशातल्या वाद्ययंत्रावरून घडवलेला होता. ते यंत्र २०२२ साली बाजारातून निघून गेले. नाव मात्र मागे उरले.

मॅरनचा कार्यक्रम मनोविकारांविषयी नव्हता. विनोदाचा धंदा करणारी माणसे एकमेकांशी काय बोलतात, एवढेच तो ऐकवू पाहत होता. परंतु दोन विनोदकार घटकाभर खोटे न बोलता बसले की संभाषण कोठे जाते हे त्या गॅरेजाने दाखवून दिले. ते जाते व्यसनाकडे, बापाकडे, प्रयोग पडल्यानंतरच्या रात्रीकडे, आणि प्रयोग उत्तम रंगल्यानंतर हॉटेलच्या खोलीत येणाऱ्या त्याहूनही विचित्र रिकामेपणाकडे. एप्रिल २०१० मध्ये लोकांनी ऐकले ते विख्यात नट रॉबिन विल्यम्स याच्या घरी जाऊन केलेले संभाषण. ज्याचा आवाज पडद्यावर क्षणात दहा रूपे घेई, तो येथे हलक्या स्वरात आपल्या मद्यपानाविषयी, हृदयावरील शस्त्रक्रियेविषयी आणि मरणाच्या विचारांविषयीही बोलला. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये विल्यम्सने स्वतःचा अंत करून घेतला तेव्हा मॅरनने तो जुना भाग पुन्हा प्रसृत केला आणि असंख्य लोकांनी तो डोळे पुसत ऐकला. त्यांना वाटले, उलगडा झाला: जगाला हसवणारा हा माणूस आतून रडत होता.

उलगडा झाला नव्हता. मृत्यूनंतरच्या तपासणीत विल्यम्सच्या मेंदूत ‘ल्युई बॉडी’ नावाच्या विकाराचे व्यापक विकृतिचिन्ह आढळले. बुद्धी, झोप, हालचाल आणि धीर या चारांनाही पोखरणारा हा मेंदूचा रोग आहे. जिवंतपणी त्याचे निदान झाले नव्हते. त्याच्या पत्नीने २०१६ साली मेंदूविज्ञानाच्या एका नियतकालिकात डॉक्टरांना उद्देशून लेख लिहून हा सारा प्रवास सांगितला. म्हणजे विदूषकाच्या मुखवट्यामागील अश्रूंची जी कथा जगाने ऐकली, ती कथा म्हणून सुरेख असली तरी रोगाच्या कारणाविषयी फारसे काही सांगत नव्हती. कलावंतांच्या मनोव्यथेवर पॉडकास्ट सुरू करू पाहणाऱ्याने हे उदाहरण पहिल्याच पानावर लिहून ठेवावे. ध्वनिफितीत जे ऐकू येते ते खरे असते. त्यावरून श्रोता जो निष्कर्ष काढतो तो खरा असेलच असे नाही.

भारतीय श्रोत्याला यासाठी अमेरिकेत जावयाचे कारण नाही. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ साली पडला आणि त्या धक्क्याने त्यांनी प्राण सोडला, अशी कथा घरोघर सांगितली जाते. या दोन घटनांत पाच वर्षे गेली आणि त्या पाच वर्षांत त्यांच्याच संस्थेच्या ‘चौदहवीं का चाँद’ ने १९६० साली भरघोस पैसा मिळवला व १९६२ साली ‘साहिब बीबी और गुलाम’ वाखाणला गेला, हे कथा सांगणारा सोयिस्करपणे विसरतो. १० ऑक्टोबर १९६४ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्या मृत्यूमागे एकच एक कारण शोधणे हा मृताशी आणि श्रोत्याशीही अन्याय आहे. पडलेला चित्रपट आणि मेलेला दिग्दर्शक यांची अशी सरळ गाठ मारून दिली, की आज ज्याचे नाटक पडले आहे त्या तरुणाच्या कानात आपण काय सांगतो, याचा विचार कोणी करीत नाही.

या कथांचे मूळ फार जुन्या समजुतीत आहे आणि मराठी भाषेने तर ती आपल्या पोटातच बाळगली आहे. मराठीत ‘वेड’ हा रोगही आहे आणि बिरुदही आहे. ज्याचे डोके ठिकाणावर नाही तो वेडा. आणि ज्याने गाण्यापायी घरदार सोडले, त्याला गाण्याचे वेड. दुसऱ्या अर्थाने हा शब्द कोणी वापरला तर ऐकणाऱ्याची मान अभिमानाने वर होते. ‘झपाटलेला’, ‘नादिष्ट’, ‘कलंदर’ हे सारे त्याच कुळातले शब्द. त्यामुळे एखादा चित्रकार चार रात्री झोपला नाही, जेवला नाही, माणसांतून उठला, तर घरचे काळजीत पडतात आणि मित्र मात्र म्हणतात, मोठे काम चालले असले पाहिजे. कधी खरोखरच मोठे काम चाललेले असते. कधी तो केवळ आजारी असतो.

कला आणि मनोविकार यांचा संबंध मोजून पाहण्याचे प्रयत्नही झाले आहेत. नॅन्सी अँड्रीयासन या मानसोपचारज्ञ विदुषीने अमेरिकेतील आयोवा येथील लेखनशाळेतल्या तीस लेखकांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यांतील शेकडा ऐंशी जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा भावविकार झालेला दिसला. तुलनेसाठी घेतलेल्या इतर व्यवसायांतील माणसांत हे प्रमाण शेकडा तीस होते. आकडा धक्का देणारा खरा, पण माणसे किती? अवघी तीस! पुढे स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या सिमॉन क्यागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या आणि त्यांच्या नातलगांच्या नोंदी तपासून २०१३ साली जे सांगितले ते अधिक शांत आहे. सर्जनशील व्यवसायांत मनोविकार एकंदरीत इतरांहून अधिक नाहीत. अपवाद आहे तो उन्माद व खिन्नता आळीपाळीने आणणाऱ्या द्विध्रुवी विकाराचा. लेखकांत मात्र खिन्नता, व्यसन आणि आत्मनाश यांचे प्रमाण अधिक आढळले. या अभ्यासातला विशेष लक्षणीय भाग निराळाच आहे. तीव्र मनोविकार झालेल्यांची स्वतः निरोगी असलेली भावंडे सर्जनशील व्यवसायांत अधिक दिसली. प्रतिभेचे जे काही बीज असेल ते रोगावाचूनही उगवते, असा याचा अर्थ घेण्यास हरकत नसावी. औषध घेतले तर आपली कला आटेल, या भयाने डॉक्टरांची पायरी न चढणाऱ्या कलावंताला ही गोष्ट कोणी समजावून सांगितली पाहिजे.

मग कलावंत खचतो तो कशाने? येथे मेंदूपेक्षा हिशेबाची वही अधिक बोलते. इंग्लंडमधील संगीतकारांच्या एका साह्यसंस्थेने २०१६ साली वेस्टमिन्स्टर विद्यापीठाकडून पाहणी करविली. दोन हजार दोनशे अकरा जणांनी उत्तरे दिली; त्यांपैकी शेकडा एकाहत्तर जणांनी तीव्र चिंतेचा, तर शेकडा अडुसष्टांहून अधिकांनी खिन्नतेचा अनुभव सांगितला. उत्तरे ज्याने त्याने आपखुशीने दिली होती, म्हणून हे आकडे सर्व संगीतकारांचे मानता येणार नाहीत. परंतु त्यांनी सांगितलेली कारणे पाहावीत: अनिश्चित कमाई, रात्रीची जागरणे, घरापासून दूर राहणे, काम आणि स्वतःची किंमत यांची न सुटणारी गाठ. त्या पाहणीनंतर २०१७ च्या अखेरीस त्या संस्थेने संगीतव्यवसायातील माणसांसाठी अहोरात्र चालणारा दूरध्वनी सुरू केला.

हीच वही मराठीत वाचावयाची तर शब्दसुद्धा तयार आहेत. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला दर प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशाला ‘नाईट’ म्हणतात. रात्र झाली तर पैसे. प्रयोग रद्द झाला तर ती रात्र आयुष्यात मोजली जाते, हिशेबात नाही. तमाशाच्या फडातील कलावंत हंगामापूर्वीच मालकाकडून ‘उचल’ घेतो आणि दसऱ्याला पायांत चाळ बांधतो तो आधीच कर्जात उभा राहून. वैशाखात फड उतरला की पावसाळ्याचे महिने रिकामे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे महाराष्ट्रातील नाट्यगृहे बंद झाली; मध्यंतरी काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा मिटली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा पडदा वर गेला. त्या दीड वर्षात रंगमंचामागील कामगार, वादक, प्रकाशयोजनेचे साहाय्यक यांच्या घरांत काय घडले ते वृत्तपत्रांत चार ओळींत आले. चार ओळींत न मावणारे जे उरले, त्याला पॉडकास्टचा एक तास ही योग्य जागा आहे.

आवाजाचे माध्यम या कामाला विशेष मानवते, याला कारणे आहेत. कॅमेऱ्यासमोर नट हा नटच राहतो. चेहरा सांभाळण्याची त्याला आयुष्यभराची सवय असते. छोट्या खोलीत, दिवे मंद असताना, समोर एकच माणूस आणि एक मायक्रोफोन असला की ती सवय सैल पडते. शिवाय ऐकणाराही एकटाच असतो. आवाज थेट कानात, जवळजवळ डोक्याच्या आतच उमटतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बंगळूर येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि आजूबाजूला मनातले मराठीत बोलायला कोणी नसणाऱ्या तरुण संगीतकाराला हा आवाज किती सोबत करील याची कल्पना करणे अवघड नाही.

साहित्य थोडेच लागते. बरा मायक्रोफोन, संगणक, ध्वनी कापण्या-जोडण्याची एखादी विनामूल्य प्रणाली. खोली मात्र नीट निवडावी. मोकळ्या भिंती आवाज परतवतात आणि मग माणूस विहिरीत बोलल्यासारखा वाटतो. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट आणि दारावर टांगलेल्या दोन गोधड्या हा दोष बऱ्याच अंशी घालवतात. पंखा बंद ठेवावा, शेजारच्या कुकरची वेळ विचारून घ्यावी. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित तिरका असावा, कारण मराठीतील ‘फ’, ‘भ’, ‘ख’ हे महाप्राण समोरून आले तर फुंकरीसारखे आदळतात. एवढी सिद्धता पंधरा दिवसांत होते. खरे काम येथून पुढे सुरू होते आणि त्याला पंधरा दिवस पुरत नाहीत.

पहिला प्रश्न पाहुण्याचा. नामवंत कलावंत मिळाला तर श्रोते वाढतात हे खरे. दीपिका पदुकोण यांनी २०१५ साली आपल्या खिन्नतेच्या आजाराविषयी उघडपणे सांगितले तेव्हा देशभर त्या विषयाला तोंड फुटले. पण ज्याच्यापाशी कीर्ती आहे त्याला बोलण्याची किंमत कमी द्यावी लागते. दिग्दर्शकाच्या कानी ‘याचे डोके बिघडले होते’ एवढे जरी गेले तरी ज्याच्या हातची पुढची भूमिका जाईल, असा दुय्यम नट जेव्हा बोलतो तेव्हा त्याने पोटाची भाकरी टेबलावर ठेवलेली असते. म्हणून त्याची संमती एकदाच कागदावर सही घेऊन पुरी होत नाही. ध्वनिमुद्रणापूर्वी, झाल्यावर, आणि संपादित भाग ऐकवून झाल्यावर अशी ती तीनदा घ्यावी; आणि प्रसारणानंतरही ‘माझा भाग काढून टाका’ असे म्हणण्याचा त्याचा हक्क राखून ठेवावा. काहींनी नाव व आवाज बदलून बोलणेच बरे. भारतातील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार चालू असलेल्या रुग्णाची माहिती वा छायाचित्र त्याच्या संमतीवाचून माध्यमांना देण्यास मनाई केली आहे. कार्यक्रमकर्त्याने कायद्याच्या एक पाऊल पुढेच असावे.

दुसरा प्रश्न शब्दांचा. मराठीत ‘नैराश्य’ हा शब्द अपेक्षाभंगालाही वापरतात आणि आजारालाही. नाटकाला बक्षीस मिळाले नाही म्हणून आलेले नैराश्य आठ दिवसांत ओसरते. सहा महिने अंथरुणातून उठू न देणारे नैराश्य ही निराळी वस्तू आहे. मुलाखत घेणाऱ्याने शब्दावर न थांबता वर्णन मागावे: झोप कशी होती, भूक कशी होती, रियाज किती दिवस सुटला, आरसा पाहवत होता का. बहुतेक मराठी माणसे ‘मला नैराश्य आले’ असे म्हणतच नाहीत. ती म्हणतात, ‘मन लागत नव्हते’, ‘जीव घाबरा व्हायचा’, ‘काही गोडच लागेना’. हे शब्द पाहुण्याच्या तोंडून आले तर कापू नयेत. ऐकणाऱ्याला आपली अवस्था त्यांतच ओळखू येते. ‘आत्महत्या’ या शब्दात तर ‘हत्या’च बसली आहे, जणू तो गुन्हाच. कायद्याने तो शिक्का आता बराच पुसला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, हे २०१७ च्या कायद्याने सांगितले. जुन्या दंडसंहितेतील त्यासंबंधीचे सर्वसाधारण कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत उरले नाही. उलट, वृत्तपत्री मराठीतील ‘जीवनयात्रा संपवली’ हा गोड शब्दप्रयोगही टाळावा. त्यात मरणाला विसाव्याचे रूप मिळते.

कारण शब्दांनी माणसे मरतात, आणि वाचतातही. हे अलंकारिक विधान नव्हे. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत १९८० नंतरच्या वर्षांत आत्महत्या वाढू लागल्या आणि तेथील वृत्तपत्रे प्रत्येकीचे रसभरित वर्णन छापू लागली. जून १९८७ मध्ये मनोवैद्यांनी संपादकांपुढे काही नियम ठेवले: मथळ्यात घालू नका, पद्धत सांगू नका, एकच कारण चिकटवू नका. संपादकांनी ते मानले. पुढल्या सहा महिन्यांत त्या रेल्वेतील आत्महत्या तीन चतुर्थांशाहून अधिक घटल्या. अशा वर्णनांतून होणाऱ्या अनुकरणाला गटेच्या १७७४ सालच्या कादंबरीतील नायकावरून ‘वेर्थर परिणाम’ असे नाव १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने दिले होते. परंतु व्हिएन्नाच्याच संशोधकांनी २०१० साली उलट बाजूही दाखवली. ज्या बातमीत मरणाच्या काठावर गेलेला माणूस मागे कसा फिरला हे सांगितले होते, तिच्यानंतर आत्महत्या कमी झालेल्या आढळल्या. त्याला त्यांनी नाव दिले मोझार्टच्या संगीतिकेतील पापागेनोचे. १७९१ सालच्या त्या नाटकात हा पाखरे धरणारा भोळा जीव प्रेयसी दुरावली म्हणून मरावयास निघतो. तीन मुले येतात आणि त्याला उपदेश वगैरे काही न करता एवढेच आठवून देतात, की तुझ्यापाशी घंटा आहेत, त्या वाजवून पाहा.

कलावंतांच्या पॉडकास्टमध्ये ही घंटेची गोष्ट प्रत्येक भागात असावयास हवी, आणि मुलाखतकाराचे बहुतेक प्रश्न तिच्याभोवती असावेत. किती खोल गेलात, हे श्रोत्याला थोडक्यात पुरते. वर कसे आलात, हे मात्र तपशिलाने विचारावे. पहिल्यांदा कोणाला सांगितले? डॉक्टरांचा पत्ता कोणी दिला? पैसे किती लागले, ते कोठून आले? औषधाने हात कापू लागला तेव्हा तबला कसा वाजवला? परत तालमीला गेल्यावर सहकारी काय म्हणाले? हे प्रश्न रूक्ष वाटतात. पण ज्याला आज रात्री उत्तर हवे आहे, त्याच्या दृष्टीने याहून रसाळ दुसरे काही नाही.

अमेरिकेतील दोन कार्यक्रमांचे अनुभव येथे उपयोगी पडतात. पॉल गिलमार्टिन या विनोदकाराने २०११ साली मनोविकारांवरील आपला पॉडकास्ट सुरू केला. स्वतः खिन्नतेचा रुग्ण असल्याने त्याने पहिल्यापासून बजावले, की हा दवाखाना नव्हे. श्रोत्यांनी निनावी प्रश्नावली भरून आपली गुपिते पाठवावीत आणि त्याने ती वाचून दाखवावीत, ही त्याची प्रथा. ज्यांना नाव सांगून बोलणे कधीच शक्य झाले नसते त्यांना तीमुळे आवाज मिळाला. जॉन मो याचा कार्यक्रम डिसेंबर २०१६ मध्ये मिनेसोटातील एका सार्वजनिक नभोवाणी संस्थेकडून निघाला. त्याचा भाऊ २००७ साली आत्महत्येने गेला होता. तो बहुतकरून विनोदकारांना बोलवी. हसवणाऱ्या माणसाला शब्द सापडतात आणि तो दुःखाची करुणा भाकत नाही, अशी त्याची धारणा. आणि ती पुष्कळशी खरी ठरली. मराठीतही लोकांना हसवणारी, आणि प्रयोगानंतर बसमध्ये खिडकीशी गप्प बसणारी, माणसे कमी नाहीत.

आपल्याकडे कला आणि मनोवैद्यक यांच्यात भिंत आहे असेही नाही. ‘घाशीराम कोतवाल’ मधील नाना फडणवीस लोकांना ठाऊक आहेत. ती भूमिका करणारे मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे कित्येकांना उशिरा कळते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’ मध्ये छिन्नमनस्कता आणि ‘कासव’ मध्ये खिन्नता मराठी पडद्यावर आणली. ‘कासव’ ला २०१७ साली राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. प्रेक्षक तयार आहे, असे यावरून म्हणता येईल.

तथापि कार्यक्रमाला प्रतिसाद येऊ लागला की एक अडचण उभी राहते व तिची कल्पना सुरुवातीला कोणालाच नसते. रात्री दोन वाजता संदेश येतात. श्रोत्याला मुलाखतकार आपला माणूस वाटू लागलेला असतो. त्याला सांगितले की काहीतरी होईल अशी आशा असते. मुलाखतकार डॉक्टर नाही. त्याने सल्ला द्यावयाचा नाही, आणि गप्पही बसावयाचे नाही. हे दोन्ही साधणे कठीण असते. म्हणून पहिला भाग निघण्यापूर्वीच एखादा मनोविकारतज्ज्ञ सल्लागार म्हणून ठरवून ठेवावा, आणि प्रत्येक भागाच्या आरंभी व अखेरीस मदतीचा क्रमांक सावकाश, दोनदा सांगावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, आणि तेथे मराठीतही बोलता येते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी शेकडा दहाहून अधिकांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे दिसले, आणि निरनिराळ्या विकारांत शेकडा सत्तर ते ब्याण्णव रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. एवढ्या मोठ्या उणिवेपुढे पाच आकडे दोनदा सांगणे ही क्षुल्लक गोष्ट आहे, पण पॉडकास्टकर्त्याच्या हाती असलेली तीच नेमकी गोष्ट आहे. स्वतःसाठीही त्याने महिन्यातून एकदा कोणापाशी तरी जाऊन बसावे. दुसऱ्यांचे दुःख तासन् तास कानात घालून ते कापणे-जोडणे हे काम अंगावर येते. संपादन करणाराही यातून सुटत नाही. तो तर तेच वाक्य वीस वेळा ऐकतो.

राहता राहिला पैसा. जाहिरातदाराला दुःख खपवता येत नाही; आणि ज्याला खपवता येते त्या जाहिरातदाराला दूर ठेवणे बरे. जॉन मोचा कार्यक्रम लोकप्रिय असूनही २०२० साली संस्थेने खर्चकपातीत बंद केला आणि कलावंतांची अस्थिर कमाई हा ज्याचा नित्याचा विषय, त्याचीच नोकरी गेली. मॅरनने अकरा वर्षांपूर्वी जेथून आरंभ केला होता, तेथे मो येऊन पोहोचला. २०२१ साली त्याने नव्या नावाने पुन्हा सुरुवात केली. या वेळी खर्चाचा भार संस्थेवर नव्हता. ज्या श्रोत्यांना तो कार्यक्रम हवा होता, ते महिन्याला थोडी थोडी वर्गणी पाठवू लागले.